गणूचा वाटा

सरका जरा निखाऱ्यापासून. आणि तू रे, डोक्यावरचं पांघरूण काढ, ऐकायचं तर तोंड उघडं ठेवून ऐकायचं. शिकारीला न्या, डुकराच्या शिकारीला न्या, म्हणून दिवसभर माझं डोकं खाल्लंत. आता शिकारी बंद झाल्या, बंदुकी चौकीत जमा झाल्या. आणि चालू असत्या तरी मी काय तुम्हाला नेलं नसतं. का नसतं नेलं, ते ऐका. मधेच कोणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

तर ऐका. अंधार पडला होता आणि आम्ही सहाजण कुंभ्याच्या घळीतनं घरी निघालो होतो. शिमगा होऊन सहा दिवस झालेले, चांदणं उशिरा येणार. पुढं माझा बा, रावजी. एका हातात पेटती चूड, खांद्यावर ठासणीची बंदूक. त्याच्या मागं माझ्या बहिणीची दोन पोरं, एकमेकांचे हात धरून. मग माझा धाकटा भाऊ भिवा, डोक्यावर मटणाची पाटी. आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या खांद्यावर दुर्पी. दोन कुत्री होती ती वेगळीच.

दुर्पी म्हंजे माझ्या थोरल्या भावाची, गणूची पोर. सहा वर्षांची. गणू त्याच घळीत दोन वर्षांपूर्वी गेला. भाजवळीसाठी कवळ, म्हंजे शेतात भाजायच्या डहाळ्या, तोडायला झाडावर चढला, फांदी मोडली, खाली पडला तो उठलाच नाय. तेव्हापासनं माझ्या बानं 'गणू मेला' असं एकदाही तोंडातनं काढलं नव्हतं. कोणी विषय काढला की उठून गुरांकडं जायचा. आम्हीही मग काढेनासे झालो.

आता म्हणाल, असल्या रानात एवढी पोरं कशाला नेलीत? अरे, आमच्या घरची रीतच होती. पोर पाच वर्षांचं झालं की एकदा शिकारीला न्यायचं, त्याच्या नावानं वाटा मांडायचा. त्यात त्या साली डुकरांनी वायंगणाच्या, म्हंजे उन्हाळी भाताचा पार चिखल केलेला. बा म्हणाला, सगळी नातवंडं चला. पोरांनी दिवसभर डबे बडवले. दुर्पीनं पितळी वाजवून वाजवून चेपवली. आणि दिवस कलताना डुक्कर निघालं, हे एवढं, बाच्या समोरच आलं. एकाच बारात पडलं.

व्हाळाच्या, म्हंजे ओढ्याच्या, काठी मोठा कातळ आहे, त्यावर ते कापलं. मग वाटे. ह्या वाट्यांची रीत नीट ऐका, सगळं तिथंच आहे. कुंभ्याच्या झाडाची पानं ओळीनं मांडायची. जेवढी तोंडं रानात आली तेवढे वाटे. म्हातारा असो, पोर असो, कुत्रं असो, वाटा सारखा. पहिला राखणदाराला, म्हंजे रान राखणाऱ्या देवाला. वाटे मांडणार घरातला वडील माणूस, आणि एकेकाचं नाव घेऊन मांडणार. नाव घेऊन वाटा मांडला की ते माणूस आज आपल्याबरोबर आलं होतं असं ठरलं. आणि जे आपल्याबरोबर आलं ते रानात सोडायचं नाय, घरी न्यायचं. आणि मांडलेला वाटा उचलायचा तर ज्यानं मांडला त्यानंच, कारण सांगून.

बा त्या दिवशी फार खुशीत होता. पोरं, नातवंडं भोवती बसलेली, कोपरापर्यंत हात रक्तानं भरलेले, दुर्पी काहीबाही विचारत होती आणि तो हसत होता. दोन वर्षांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. मांडत चालला. राखणदाराचा. भिवाचा. शिवाचा, म्हंजे माझा. दुर्पीचा. आणि त्याच सुरात म्हणाला, "गणूचा."

आणि मांडला की हो.

नुसता व्हाळ वाजत होता. मी म्हणायला हवं होतं, बा, चुकलास, उचल. पंचवीस वर्षांचा घोडा मी, पण माझं तोंड उघडलं नाय. बा त्या पानाकडं किती वेळ बघत राहिला. मग त्यानं ते पान दुमडलं, वेलीनं बांधलं आणि दुर्पीच्या हातात दिलं. "तुझ्या बाचा हाय. तू ने घरी." पोरीनं ती पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

तर असे आम्ही निघालो. थोडं चाललो असू. कुत्री एरवी मागंपुढं हुंदडतात, ती दोन्ही बाच्या पायांत शिरली, शेपट्या आत. मी म्हटलं, वाघाचा वास आला असेल.

अंधारात ओळीनं चालताना पुढचा विचारतो, मागच्यांनी एकेक करून 'हू' म्हणायचं. बानं विचारलं, "आलं का सगळं?"

दोन पोरांचं, हू, हू. भिवाचं हू. माझं हू. माझ्या खांद्यावरनं दुर्पीचं हू.

आणि माझ्या मागनं एक, "हू."

माझ्या मागं कोणी नव्हतं, बाळांनो. मी शेवटचा होतो.

बा थांबला. मी मनात म्हटलं, घळ आहे, आवाज घुमला असेल. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सगळ्यांचं झाल्यावर मागनं तेच, आता हातभर अंतरावरनं. भिवा हळूच म्हणाला, "बा, आता विचारू नको. चल."

चाललो. व्हाळ आला, ओलांडला. तो वाटेत एकदाच लागतो. बरंच चाललो, तर पुन्हा व्हाळ. पुन्हा तोच कातळ, त्यावर आमच्याच डुकराचं ओलं रक्त. ओलांडला, चढण चढलो, उतरलो. पुढं व्हाळ! बाच्या हातातली चूड वीतभर उरली होती. पोरं रडायला लागली, भिवानं त्यांची तोंडं आपल्या कमरेशी दाबून धरली.

आणि तेव्हा मागनं कोणी घसा खाकरला. गणूची सवय होती ती. खाकरल्याशिवाय कधी बोलला नाय. आवाज आला, "शिवा, दमलास. पोरगी दे इकडं."

खोटं कशाला सांगू? त्या घटकेला मला भीती वाटली नाय. डोळे भरून आले. दोन वर्षांनी भावाचा आवाज ऐकला मी. वळावं आणि बघावं एवढंच वाटलं. मान अर्धी फिरलीसुद्धा होती.

तेवढ्यात वर दुर्पी हसली. "काका, बा आलाय. त्याचे हात किती गार हायत."

आणि खांद्यावरचा भार कमी झाला. माझ्या छातीवर आपटणारे तिचे पाय वर गेले. मी घोटे धरले. वरनं कोणीतरी तिला काखेत धरून उचलत होतं. ओरबाडत नव्हतं हो. झोपलेलं पोर पाळण्यातनं काढावं, तसं हळू. मी जेवढा खाली ओढतोय तेवढी ती वर चाललीय. घोटे सुटले, टाचा हातात राहिल्या. मी ओरडलो, "बा!"

बा मागं आला. बंदूक त्यानं भिवाकडं टाकली. चूड वर धरली. उजेडात पोरीचं तोंड दिसलं, हसत होतं. तिच्या मागं काहीच नव्हतं.

"दुर्पे, ती पुडी दे मला."

"नाय. बाची हाय."

बानं पुडीवर हात ठेवला. म्हणाला, "गणूचा वाटा मी चुकून मांडला. गणू आज रानात आला नव्हता."

वरचे हात थांबले, पण सुटले नायत. पुन्हा घसा खाकरला. "बा, मी हाय ना रे इथं."

बाच्या हातातली चूड खाली झुकली. मला वाटलं, आता हा पडतो, आणि पोर गेली. पण तो बोलला. "नाय, बाबा. तू मेलास. कवळ तोडताना पडलास. मी तुला इथनं खांद्यावर नेला. मीच अग्नी दिला. गणू, तू मेलास." दोन वर्षं आत दाबलेलं सगळं त्या एका शब्दातनं बाहेर आलं. रडत रडतच त्यानं पोरीच्या हातातनं पुडी खेचली आणि वाटेच्या कडेला ठेवली.

पोरीचा सगळा भार माझ्यावर आला, दोघंही कोसळलो. चूड विझली. पोरांना उचललं आणि पळालो. व्हाळ पुन्हा लागला नाय. वाडीचे दिवे दिसले तेव्हा पाटी कुठं पडली ते भिवाला सांगता येईना.

सकाळी वैनीनं पोरीला न्हाऊ घातलं तर दोन्ही काखांत बोटांचे निळे वळ. आठ दिवस होते. बा ओटीवर बसलेला, रात्रभर तसाच. दुर्पी त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, बा मला घ्यायला आलेला. तू त्याला का घालवलंस?"

बा म्हणाला, "बाय, तो तुझा बा नव्हता."

"मग तू रडलास कशाला?"

बा उठून गुरांकडं गेला. म्हणून सांगतो, कोणी कितीही जवळची म्हणो, त्या घळीची वाट धरायची नाय. घाबरवणाऱ्या भुतापासनं माणूस पळतो तरी. तिथं आपलं माणूस हाक मारतं, आणि पळावंसं वाटत नाय. एवढी वर्षं झाली, मला अजून वळून बघावंसं वाटतं. चला, झोपा आता.