खिळ्यावरची रोटी

डोंगरातल्या आयनी गावच्या थांब्यावर जीप अजून भरायची होती. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. भूगोलाचं पुस्तक उघडं धरून मी एकूण एक शब्द ऐकला.

“वहिनी, खिळ्यावरची रोटी कुठे गेली?”

“खाल्ली.”

“उंदरांनी?”

“सायकलवाल्या परदेशी पाहुण्यानं. दिवसभर बर्फातून घाट चढून आला होता. मी चहा आणेपर्यंत यानं काढून घेतली.”

“अहो, ती तुमच्या लेकाची, शोदीची होती! रशियाला कामाला जाताना एक घास घेऊन टांगलेली. उरलेली त्यानंच परत येऊन खायची.”

“पाहुण्याला काय ठाऊक?”

“मग सांगायचं ना.”

“पाहुण्याच्या तोंडचा घास काढू? चार वर्षांत दगड झाली होती ती. चहात बुडवून बुडवून खात होता बिचारा. वर अजून आहे का विचारलं.”

“तुम्ही काय केलंत?”

“लोणी दिलं.”

“धन्य आहे तुमची. आता शोदी कसा यायचा?”

“त्याच धास्तीनं सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, बाळा, तुझी रोटी गेली, रागावू नकोस.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, कुठली रोटी?”

नणंदेनं बोचकं मांडीवर ओढलं.

“चला वन्सं, जीप भरली.”