नदीखालचा कोरडा बोअर

पैठणच्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर बोअर मारणारे कमरोद्दीन आणि त्यांच्या ओळखीचे सांडू पाटील बसले होते.

"कमरोद्दीनभाई, पेढे? बोअरला पाणी लागलं व्हय?"

"नाय पाटील. नदीखालून बोगदा काढायचाय. आधी खालची जमीन तपासायला बोअर मारला. एकदम कोरडा, नुसता काळा पत्थर."

"नदीतबी तुम्हाला पाणी लागलं नाय?"

"मीबी घाबरलो. म्हटलं, बोगद्याचे साहेब आता हाकलणार. तर त्यांनी मिठीच मारली! पाणी झिरपत नाय म्हंजे बोगदा सुखरूप. पुढचे समदे बोअर माझ्याकडंच दिले."

"अन् त्यात पाणी लागलं तर?"

"तर काम गेलं. दुवा करा, पाटील."

"दुवा कशाला? माझ्या रानात तीन बोअर मारले तुम्ही, तिन्ही कोरडे. द्या पेढा!"