अठरा एप्रिलची मजुरी

विनिता : बाथरूमच्या सहा टाइल्स बदलल्या म्हणून भाडं चार हजारांनी वाढवायचं? क्लिफर्ड, थट्टा करताय का माझी?

क्लिफर्ड : थट्टा कसली, मॅडम? खर्चाचं बिल दिलंय ना हातात? बाथरूम, किचनचा ओटा, सगळं प्लंबिंग. एक लाख नव्वद हजार गेले माझे. सतरा हजारांत असा फ्लॅट अख्ख्या बोळिंजमध्ये दाखवा मला.

विनिता : ओटा मी करून घेतला! माझ्या पगारातून! "तुम्ही करा, मागाहून बघू," असं तुम्हीच म्हणालात. हे बघा, ग्रॅनाइटवाल्याचं बिल माझ्या नावावर आहे.

क्लिफर्ड : ते मला माहीत नाही. एक तारखेला ॲग्रीमेंट संपतंय. जमत नसेल तर खाली करा.

विनिता : फेब्रुवारीत रचनाची दहावी आहे! तिची पुस्तकं डोक्यावर घेऊन घरं शोधत फिरू? तुमच्या या खोट्या कागदापायी?

क्लिफर्ड : खोटं म्हणायचं काम नाही हां! मिस्त्रीची सही आहे खाली. मम्मी, तू सांग यांना. फ्लॅट तुझ्या नावावर आहे.

मटिल्डा : चष्मा घरी राहिला माझा. तूच वाच गं बाय, काय लिहिलंय ते.

विनिता : "पास्कल मिस्त्री, वटार. चौदा ते एकोणीस एप्रिल, सलग सहा दिवसांची मजुरी." आँटी, तो दोन दिवस आला होता. चौदा आणि पंधरा. मीच चहा दिलाय त्याला.

मटिल्डा : थांब. अठरा तारखेचीपण मजुरी लावलीय?

विनिता : हो. पूर्ण दिवसाची.

मटिल्डा : क्लिफर्ड, अठराला गुड फ्रायडे होता.

क्लिफर्ड : असेल. तारीख इकडची तिकडे झाली असेल.

मटिल्डा : पास्कल त्या दिवशी दुपारभर देवळात आपल्या पुढच्या बाकावर होता. उपाशीपोटी. मेला तरी थापीला हात लावणार नाही तो त्या दिवशी. आणि तू त्याच्या नावावर हे लिहितोस? लाज नाही वाटली रे?

क्लिफर्ड : मम्मी, बाहेरच्या माणसांसमोर कशाला...

मटिल्डा : त्यांच्यासमोरच! भाडं आहे तेच राहील. ओट्याचे पैसे हिला परत दे. पोरीची परीक्षा होऊ दे नीट.

(विनिता डोळे पुसते.)

मटिल्डा : आणि तो कागद फाडू नकोस. खिशात ठेव. संध्याकाळी पास्कलकडे जायचंय आपल्याला.

क्लिफर्ड : त्याच्याकडे कशाला आता?

मटिल्डा : तूच वाचून दाखव त्याला, खालच्या सहीसकट. त्या बिचाऱ्याला लिहिता-वाचता येत नाही.