खांद्याचा मान आणि ओंजळीतला शिरा

मंडळी, एक प्रश्न विचारतो. माणूस रोज डोंगर चढतो, रोज देवाला जातो, पाय झिजवतो — आणि वर्षभरानं बघावं तर होता तिथंच! असं का होतं? पाय तर चालतात, मग अडतं कुठं?... नाही नाही, लगेच उत्तर देऊ नका! ते मागचे काका मनात म्हणतायत, "बुवा, गुडघे!" गुडघ्यांकडे येऊच आपण. आधी गोष्ट ऐका!

वाघेरी नावाचं गाव. गावामागं डोंगर, डोंगरावर भैरोबा. चैत्रात यात्रा. देवाची पालखी पायथ्यापासून वर जायची, आणि एक रीत फार कडक — वाटेत पालखी जमिनीला टेकवायची नाही! मागं कुणीही खांदा द्यावा, बदलावा. पण पुढचे दोन खांदे धुमाळांचे. उजवा थोरल्या घराचा, डावा धाकट्या घराचा. पायथ्याला दिलेला खांदा देवळातच काढायचा!

थोरल्या घरचे रंगराव. स्वभाव सोन्यासारखा, आणि वजनही सोन्यासारखं — कमी व्हायचं नावच नाही! जनावरांच्या पेंडीचं दुकान. सकाळी गादीवर बसले की दुपारी जेवायला उठायचे, जेवले की परत गादी. दुकानातल्या पोत्यांना तरी कुणीतरी हलवायचं हो, यांना कोण हलवणार?

आणि मग झालं काय — गेल्या यात्रेत शेवटच्या चढणीला रंगरावांचा श्वास कोंडला. डोळ्यापुढं काजवे! पाय लटपटले, पालखी झुकली, माणसं ओरडली — आणि धाकट्या घरच्या संपतरावाच्या पोरानं धावत येऊन खांदा घातला म्हणून देव टेकला नाही. नाहीतर?

वर देवळात संपतराव सगळ्यांदेखत बोलला, "दादा, राग मानू नका. पण तुमच्यानं होत न्हाय आता. पुढच्या साली जमलं न्हाय, तर मान आमच्याकडं द्या."

रंगराव घरी आले, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं बघितलं आणि रडले. मंडळी, मोठा माणूस रडला! बायको शेवंताबाई पाणी घेऊन आली, तर म्हणतात, "आबांनी सत्तरीपर्यंत खांदा दिला गं. माझ्या हातनं मान गेला, तर वर जाऊन त्यांना काय सांगू?"

पण गडी जिद्दीचा! दुसऱ्याच दिवशी पांढरेशुभ्र बूट आणले. सकाळी उठले आणि डोंगराकडं जे पळत सुटले — कुत्री मागं लागली! कुत्र्यांनाही वाटलं, एवढं पळतोय म्हणजे काहीतरी चोरलं असणार! अर्ध्या वाटेत गुडघा धरून खाली बसले. पुढं आठवडाभर अंथरूण, तेल आणि शेक. काका, आला की नाही गुडघा?

बरे झाल्यावर शहाणे झाले. चार मित्र गोळा केले आणि रोज चालत डोंगर सुरू. पाऊस सरला, दसरा झाला, एक दिवस खाडा नाही! दिवाळी झाली आणि रंगराव दुकानातल्या पेंडीच्या काट्यावर यात्रेनंतर दुसऱ्यांदा उभे राहिले.

काटा पुढं! कमी नाही — पुढं!

रंगराव मटकन बसले. "शेवंता, काटा बिघडलाय."

"काटा बरोबर हाय," ती म्हणाली. "काल गिऱ्हाइकाला त्याच काट्यावर पोतं दिलंत, तवा न्हाय बिघडला?"

"मग देवाच्याच मनात नसंल."

आता बघा हं! पोट आपलं, आणि नाव देवाचं! आपण सगळे असेच की नाही?

शेवंताबाई मात्र फसली नाही. तिच्या मनात कधीचं एक होतं. नवऱ्याचा सदरा रोज तीच धुवायची. माणूस डोंगर चढून येतो, तर सदऱ्याला घामाचा वास हवा ना? या सदऱ्याला तुपाचा वास यायचा! दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला. "मीबी येते देवाला."

निघाली वरात! पायथ्याला मारुती. पुजाऱ्यानं गूळखोबरं दिलं, रंगरावांनी मूठभर घेतलं. चढण लागली. मित्रांच्या गप्पा रंगल्या — कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा बांध कुणी कोरला. दहा पावलं चालायचं, थांबायचं, हातवारे करायचे, परत दहा पावलं! चढण होती, पण धाप कुणालाच नाही. वर पोचले. वाघेरीत रोज एका घरचा नैवेद्य. त्या दिवशी शिरा होता. गुरवानं द्रोण भरून दिला, रंगरावांनी संपवला. गुरव म्हणाला, "आणखी?" आणि आमचे रंगराव — "प्रसादाला न्हाय म्हणू नये!" दुसरा द्रोण! उतरताना हॉटेल. "एवढं चाललो, आता दोन भजी चालतील." दोन म्हणता म्हणता ताटली रिकामी.

मंडळी, चढून जेवढं जाळलं, त्याच्या दुप्पट उतरायच्या आत भरलं! मग काटा काय करील बिचारा?

घरी येऊन शेवंताबाई म्हणाली, "अवं, परसाद कशात घेत्यात?"

"ओंजळीत."

"आन तुम्ही?"

रंगरावांनी तुपकट बोटं हळूच सदऱ्याला पुसली.

"परसादाला न्हाय म्हणूच नका. पर ओंजळीत मावतो तेवढाच परसाद. त्याच्या वर जे घेता, ते जेवाण हाय! आपल्या जिभेची हौस देवाच्या नावावर खपवू नका."

काय बोलली हो! एवढी वर्षं आम्ही व्यासपीठावरून ओरडतोय, आणि तिनं चुलीपाशी दोन वाक्यांत सांगितलं!

दुसऱ्या दिवसापासून मित्र सुटले, शेवंताबाई बरोबर. तिचा एकच नियम. "चालताना तोंडानं भैरोबाचं नाव घेता आलं पायजे. पर भावकीच्या गप्पा मारता येत असतील, तर चाल ढिली हाय. आन नावबी निघंना झालं, तर लय जोर झाला, कमी करा." चढाला झपाझप, सपाटीला हळू, श्वास जागेवर आला की पुन्हा झपाझप. दुपारी गादीवर झोप बंद. पोती उचलायला रंगराव स्वतः उठायला लागले. रात्री भाकरी एक कमी, भाजी एक वाटी जास्त. आणि हॉटेलवरून जाताना शेवंताबाई त्यांच्या आणि भज्यांच्या मधून चालायची!

काटा लगेच हलला? नाही! पंधरवडाभर ढिम्म. रंगराव चिडले. ती म्हणाली, "बसलं एवढ्या वर्षांत, उठायला वेळ लावणारच की." मग एक दिवस धोतराची गाठ आत सरकली. मग चढण चढून वर उभे राहिले, आणि धाप लगेच ओसरली. मग काटा मागं आला — थोडा, अजून थोडा. बारीक झाले असं कुणी म्हणणार नाही. पण दम आला, दम!

यात्रा आली. हलगी वाजली. उजव्या खांद्याला रंगराव, डाव्याला संपतराव. गाव श्वास रोखून बघतंय — कुणाकडं? रंगरावांकडं! पालखी चढली, वळणं मागं पडली, शेवटची चढण आली. आणि पालखी झुकली!

"गेला रंगराव!" कुणीतरी ओरडलं.

पण झुकली डावीकडं!

संपतराव! वर्षभर दुसऱ्याचं पोट मोजणारा संपतराव, त्यानं स्वतःचं कधी बघितलंच नव्हतं. तोंड पांढरं, ओठ कोरडे. पोरगा पार मागं गर्दीत अडकलेला. आता बघा मंडळी — रंगरावांनी काय करावं? नुसतं पुढं चालत राहिले असते, तरी पुरे होतं. संपतराव पडला असता, मान थोरल्या घराचा कायमचा! हिशेब चुकता!

रंगरावांनी चाल हळू केली. भार आपल्याकडं ओढून घेतला आणि हळूच म्हणाले, "संपत, बोलू नगंस. माझ्या पावलाबरोबर पाऊल टाक. नाव घे, नुसतं नाव घे. श्वास येईल."

भै-रो-बा. भै-रो-बा. एक पाऊल, एक नाव. दोघं भाऊ, दोन खांदे, मध्ये देव — आणि पालखी देवळात पोचली. टेकली नाही!

संपतराव पायरीवर बसून रडला. "दादा, मी तुमचा मान मागितला हो!" रंगरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सकाळी येत जा आमच्यासंगं. पर शेवंतापुढं गप्पा चालत न्हाईत." तेवढ्यात गुरव शिऱ्याचा द्रोण घेऊन आला. रंगरावांनी ओंजळ पुढं केली, ओंजळीपुरता घेतला, त्यातला निम्मा संपतरावाच्या हातावर ठेवला. शेवंताबाई लांबून बघत होती. ती हसली, आणि तिनंही ओंजळ पुढं केली.

तर मंडळी, अडतं कुठं ते कळलं? पाय चालत होते, पण जीभ उलट्या दिशेला चालली होती! दुसऱ्याला सांभाळायचं तर आधी आपल्यात दम पाहिजे, आणि तो एका दिवसाच्या पळण्यानं येत नाही.

आता कीर्तनानंतर महाप्रसाद आहे. बुंदी आहे! वास कधीचा येतोय, आमच्या पखवाजवाल्यांचा ठेकासुद्धा मगापासून स्वयंपाकघराकडं वळलाय! नाही म्हणू नका. पण द्रोण नको — ओंजळ!

आणि त्याआधी उठा! हो, सगळे उठा! ज्यांना डॉक्टरांनी जपायला सांगितलंय त्यांनी बसून टाळ्या वाजवा, बाकीच्यांनी पाय उचला. पावली खेळायची! पखवाज, जरा चढती लय... हां! काका, गुडघा जपून, पण हला! पलीकडच्या वहिनी, शेजारणीशी बोलता येतंय का? येतंय? मग पाय ढिले पडतायत! आता? आता नाही ना बोलता येत? पण नाव येतंय ना तोंडात?

मग तेवढंच घ्या, आणि पाय थांबवू नका — भैरोबाच्या नावानं चांगभलं!