वरच्या फळीवरचं जीरावन

संबोधी : पप्पा, जीरावनची बरणी परत वर ठेवलीत तुम्ही?

आनंदराव : कुठं वर?

संबोधी : ती काय, छताखालच्या फळीवर. पोहे थंड होतायत आणि मी वर भुरभुरायला जीरावन शोधतेय. काल खाली ठेवली होती मी. लेबल लावून.

आनंदराव : जीरावन मी आयुष्यात चाखलं नाही. मी कशाला हात लावू?

संबोधी : मग कोण लावणार? घरात आपण दोघंच.

आनंदराव : हा माझा उजवा हात. बघ. खांद्याच्या वर जातो का? डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तूच शेजारी बसली होतीस.

संबोधी : स्टूलवर चढला असाल. झोपेत.

आनंदराव : स्टूल कुठंय?

संबोधी : स्टूल ना? ते इथं नाहीये.

आनंदराव : बोल की.

संबोधी : काल संध्याकाळी मीच शेजारी सुरभीकाकूंकडे ठेवून आले. तुम्ही चढू नये म्हणून.

आनंदराव : झालं तर मग.

संबोधी : काय झालं तर मग? आज तिसरी सकाळ आहे, पप्पा. शुक्रवारी उतरवली, शनिवारी उतरवली, आज परत वर. बाकी एक पण बरणी हलत नाही. हीच.

आनंदराव : तुझी आई होती तोवर मी या खोलीत पाणी प्यायलासुद्धा येत नव्हतो. मला काय विचारतेस?

संबोधी : तेच तर. सव्वा महिना झाला तिला जाऊन आणि तुम्ही वरणात साखर घालून खाताय. मीठ समजून. आणि सांगत पण नाही कुणाला.

आनंदराव : गोड लागलं. खाल्लं.

संबोधी : म्हणून मी लेबलं लावली. हे मसाले, हे मीठ-साखर, हे मुखवास. डोळे मिटून सापडलं पाहिजे. दिवसभर हेच तर करते मी.

आनंदराव : ते तुझ्या कंपनीचं सांवेर रोडचं गोदाम आहे. हे घर आहे.

संबोधी : सामान तेच ना. लोक मोबाइलवर बडीशेप शोधतात, ती कुठं दिसावी हे आम्हीच ठरवतो. बडीशेप मसाल्यात की मुखवासात, यावर आमच्या विजय सरांनी पाऊण तास मीटिंग घेतली. हसू नका. मतलब, एका वस्तूला एकच कॅटेगरी, दोन ठिकाणी राहता येत नाही. आणि जीरावन माहितीय कशात होतं? 'इतर'मध्ये! इंदूरमध्ये जीरावन 'इतर'! मी भांडून मसाल्यात आणलं.

आनंदराव : आणि तुझ्या आईच्या हिशोबानं कशात होतं?

संबोधी : तिचा काही हिशोबच नव्हता. तुमचं सैंधव मीठ चहापत्तीच्या शेजारी, त्याला लागून माझं जीरावन. साधं मीठ पार तिकडं, तेलाजवळ. ओवा, काळं मीठ, बडीशेप वरच्या फळीवर. शिडी लावून ओवा काढायचा का कुणी?

आनंदराव : महूच्या मिलिटरी डेपोत मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. माल कुठं ठेवलाय त्याला किंमत नसते. टॅग कुणाचा आहे ते बघतात. एकदा मेसच्या तांदळाच्या पोत्यावर चुकून हॉस्पिटलचा टॅग लागला. गाडी आली, टॅग वाचला, पोतं उचललं, गेली. आत काय, कुणाचं, कुणी बघितलं नाही. मेसवाले बसले बोंबलत.

संबोधी : आणि टॅग लावला कुणी?

आनंदराव : मी नाही. माझ्या हातून खोटा टॅग कधी लागला नाही.

(सुरभी स्टूल घेऊन उघड्या दारातून आत येते.)

सुरभी : हे घे बाई तुझं स्टूल. आमच्या हॉलमध्ये रातभर पायात येत होतं. आणि तुझी गाडी आमच्या गेटसमोर आडी लागलीय, आमच्या निशांतला निघायचंय. पहिले ती हटव.

संबोधी : सॉरी काकू, आत्ता हटवते. पप्पा, स्टूलवर चढायचं नाही. मी आल्यावर काढते बरणी. काकू, लक्ष ठेवा यांच्यावर.

सुरभी : जा तू, जा. (संबोधी जाते.) कोणती बरणी हो, आनंदरावजी?

आनंदराव : काही नाही. ती वरची. रोज वर जाते म्हणते.

सुरभी : जाते म्हणजे? ठेवतं कोण?

आनंदराव : कुणीच नाही. असं काय बघताय? बसा.

सुरभी : गिरिजाताईंनी तुम्हाला कधी फळीचं सांगितलं नाही?

आनंदराव : फळीचं काय सांगायचं? न लागणारं सामान वर ठेवायची.

सुरभी : न लागणारं नाही हो. गेलेल्यांचं. घरात ज्याची-त्याची एकेक बरणी होती त्यांच्या मनात. ओवा तुमच्या आईंचा. काळं मीठ तुमच्या संघदीपचं. तो पोरगा पेरूवर टाकायचा, काकडीवर टाकायचा, कलिंगडावर पण. बडीशेप त्यांची स्वतःची. सैंधव तुमचं, बीपीचं. माणूस गेलं की त्याची बरणी वर.

आनंदराव : आठवण म्हणून ठेवत असेल. त्यात काय एवढं.

सुरभी : ओवा ठेवला त्यांनी, आठवण म्हणून. काळं मीठ नाही ठेवलं. ते आपलंआपण गेलं.

आनंदराव : काय बोलताय?

सुरभी : संघदीपचा महू रोडवर ॲक्सिडेंट झाला ना, त्याच्या आधीची गोष्ट. गिरिजाताई सकाळी-सकाळी माझ्याकडे आल्या. सुरभी, काळं मीठ तू वर ठेवलंस का गं? मी हसले, म्हटलं मी कशाला येऊ तुमच्या घरात फळ्या लावायला? त्यांनी उतरवलं. दुसऱ्या दिवशी परत वर. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी पोलीसचा फोन आला.

आनंदराव : हे मला आज सांगताय? सहा वर्षांनी?

सुरभी : त्यांनी शपथ घातली होती. आणि मला वाटलं, पोरगा गेला, बाई भ्रमली बिचारी. पण मग गेल्या महिन्यात बडीशेप.

आनंदराव : बडीशेप तर संबोधीनं...

सुरभी : तिनं बरण्या आवरायला घेतल्या त्याच्या आधीच गेली वर. मला हाताला धरून आणलं त्यांनी, दाखवलं. म्हणाल्या, यांना सांगू नकोस, यांना जेवण जाणार नाही.

आनंदराव : किती दिवस आधी?

सुरभी : तेवढेच. उतरवून काही होत नाही, आनंदरावजी. त्यांनी रोज उतरवली. सच्ची.

आनंदराव : म्हणूनच त्या आठवड्यात मला वरण-भात कसा करायचा ते शिकवत होती. मी म्हटलं, तू आहेस ना.

सुरभी : अरे देवा. ती वर आता कोणती आहे? काचेची? ते तर जीरावन दिसतंय. तुमच्याकडे जीरावन कोण खातं?

आनंदराव : मी.

सुरभी : तुम्ही? तुम्हाला तर अल्सर...

आनंदराव : मी खातो. चोरून खातो. पोरीला सांगू नका.

सुरभी : मग म्हणजे तुमची... अहो, तुम्ही इतके शांत कसे बसलात?

आनंदराव : वय झालं माझं. तुम्ही जा आता. ती जिना चढतेय. तोंड पुसा आधी.

संबोधी : हटवली गाडी. काकू, चाललात? पोहे तरी घ्या.

सुरभी : नको बेटा. निशांतला डबा द्यायचाय. तू... तू जपून राहा, आणि यांच्याकडे बघ.

संबोधी : काय झालं यांना? बरं, सरका पप्पा, मी चढते.

आनंदराव : उतर. संबोधी, खाली उतर.

संबोधी : एवढंसं स्टूल आहे!

आनंदराव : बरं. एका हातानं फळी धर. घाई नको. दे ती इकडं. ओट्यावर नको ठेवूस, माझ्या हातात दे. आता दोन्ही पाय जमिनीवर.

संबोधी : हे घ्या, जमिनीवर. बरणी अशी छातीशी का धरलीत?

आनंदराव : ते लेबलाचं मशीन इथंच आहे?

संबोधी : पर्समध्ये आहे. का?

आनंदराव : हे 'मसाले' काढून टाक. नवीन लाव. 'आनंदराव' असं लिही.

संबोधी : जीरावनवर तुमचं नाव? ही काय कॅटेगरी झाली?

आनंदराव : एका वस्तूला एकच जागा, तूच म्हणालीस. ही वस्तू माझी.

संबोधी : अहो, पण लहानपणापासून मी खाते जीरावन. तुम्ही तर चाखलं पण नाही, आत्ताच म्हणालात.

आनंदराव : तुला पाहिजे तेव्हा बाहेर ठेल्यावर खा. या घरात तुझी बरणी नको.

संबोधी : काकू काही बोलल्या का?

आनंदराव : स्टूल पायात येत होतं म्हणाल्या.

संबोधी : पप्पा, राग नका मानू, पण उद्या डॉक्टरला दाखवू या एकदा. मी सुट्टी घेते.

आनंदराव : घे. उद्या सुट्टी घे.

संबोधी : अरे? लगेच हो?

आनंदराव : गाडी काढायची नाही, रिक्षानं जाऊ. परवा पण घे सुट्टी. लिहिलंस का?

संबोधी : निघतंय. हे बघा. आ-नं-द-रा-व. खूष?

आनंदराव : घट्ट लाव. कोपरे दाब. वाचता येतंय ना? लांबून?

संबोधी : येतंय. लांबून कोण वाचणार आहे?

आनंदराव : आता माझ्या पोह्यांवर घाल.

संबोधी : तिखट असतं ते. रात्री पोट धरून बसाल.

आनंदराव : खोटा टॅग लावायचा नाही मला. खाल्लं की खरा होईल.

संबोधी : काय बोलताय, काही कळत नाही. घ्या. एवढं बस?

आनंदराव : अजून. तू घेतेस तेवढं घाल.