रोटर पाहिलास का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बालाजीराव, जुन्या मोटारी जिवापाड जपणाऱ्या मंडळींच्या वतीने मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे श्री. शेषगिरी, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो ते माझे गुरू जनकोजीराव, पहिल्या रांगेतल्या सकवारबाई काकू, त्यांची कन्या सौम्या, आणि वेस्ट मांबलमच्या या सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त असूनही न कुरकुरता बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. घंटी त्यांच्या हाताशी आहे, ती मला इथून दिसते आहे. थोडं पाणी मिळेल का? आभारी आहे. मी भाषण लिहून आणलं होतं, चांगली दोन पानं. सकवारबाईंच्या हातच्या कॉफीवर त्यात एक अख्खा परिच्छेद होता. पण मघाशी प्रास्ताविकात अध्यक्ष एक वाक्य बोलून गेले आणि ती दोन्ही पानं निकामी झाली. त्या वाक्याकडे मी येणार आहे. आधी रीतीप्रमाणे सत्कारमूर्तींविषयी बोलतो, कारण तेही खरंच आहे.

चौदा वर्षांपूर्वी मी इचलकरंजीहून इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून आलो. मोटारीचे सुटे भाग समोरून जातात, मी ते बघतो आणि ‘ठीक’ म्हणून सही करतो. तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. एका रविवारी या सभागृहाच्या मागच्याच गल्लीतून जाताना कानावर चक्क मराठी आकडे आले. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस जुन्या फियाटमध्ये डोकं घालून मोजत होता, “एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन.” मला वाटलं, तंजावरकडच्या मराठ्यांविषयी ऐकलं होतं खरं, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून यांचे आकडेसुद्धा मागेपुढे झाले. मी आगाऊपणे म्हणालो, “काका, दोन आधी.” त्यांनी डोकंही वर केलं नाही. “या इंजिनात दोन नंबर शेवटीं जेवतो, तंबी. बस तिथें.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी बसलो. चौदा वर्षं बसलो.

जेवतो म्हणजे काय, हे ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचं एक वाटीएवढं यंत्र असतं. त्याचं काम पंगतीत तूप वाढणाऱ्याचं. चार सिलिंडर म्हणजे मांडलेली चार पानं. मधोमध रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा फिरत असतो आणि ज्याच्या त्याच्या वेळेला ज्याच्या त्याच्या पानावर ठिणगी वाढत असतो. वाढायची वेळ चुकली तर इंजिन ठसकतं. आणि वाढप्याच्या तांब्यालाच तडा गेला असेल, तर तूप वाटेतच सांडतं, पानं कोरडी राहतात, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. हा तडा केसाएवढा असतो. एवढं ध्यानात ठेवा.

जनकोजीरावांनी आयुष्यभर हेच सांभाळलं. आपल्या शहराची हवा खारी, त्या वाटीवरच्या टोपीच्या आतलं पितळ हिरवं पडतं. ते जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसायचं, खरवडायचं नाही. वाटीतल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटांमधली फट मोजायची पाती आत घालून ओढायची. ती अडकता कामा नये आणि सुळकन निसटताही कामा नये. शेवटी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून कान लावायचा, आणि इंजिन निवांत झालं की म्हणायचं, “सरी.” म्हणजे ठीक. त्यांनी सरी म्हटलेली गाडी परत आलेली मी तरी पाहिली नाही. गुम्मिडिपूंडीहून लोक गाड्या दोरीने ओढत आणायचे आणि इथून चालवत न्यायचे.

त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक नियम होता. दोघं मिळून काम करताना एक विचारणार, “पाहिलास?” दुसऱ्याने “पाहिलं” म्हटलं की तो विषय संपला. ते पुन्हा पाहायचं नाही. एकदा त्यांनी पाहिलेला कंडेन्सर मी खात्रीसाठी परत काढला, तर त्यांनी हात धुतले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुन्हां पाहायचं तर मला विचारलास कशाला?” दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली. तेव्हापासून विचारणारे तेच, आणि पाहणारा मी.

घंटी ऐकली. अध्यक्षमहाराज, मला आणखी थोडा वेळ द्या. नाही दिलात तर मी खाली उतरून तिथून बोलेन, आणि ते बरं दिसणार नाही.

तर ते वाक्य. अध्यक्ष म्हणाले, “वयापुढे कसबी हातही हरतो, आणि जनकोजीरावांनी ते ओळखून मानाने दुकान बंद केलं.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काकांनी मान खाली घातली. ते वाक्य खरं नाही. यात अध्यक्षांची चूक नाही, त्यांना जे सांगितलं गेलं ते ते बोलले. खुद्द काकांनाही ते खरंच वाटतं. ते खोटं आहे हे या खोलीत फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो गेली सात मिनिटं तुम्हाला तुपाच्या गोष्टी सांगतो आहे.

काकांची स्वतःची हेराल्ड मोटार आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पिस्ता रंगाची, इथेच मद्रासेत तयार झालेली. यंदा पोंगलनंतरच्या रविवारी आम्ही दोघं त्या गाडीतून आर्य गौडा रोडने चाललो होतो. डावीकडून एक बाई स्कूटरवरून आल्या. काकांना त्या दिसल्याच नाहीत. बाईंनी ब्रेक दाबला, त्या पडल्या, पिशवीतली वांगी रस्ताभर झाली. गुडघा खरचटला, त्यावर निभावलं. मी उतरून त्यांना उठवलं आणि गाडीत येऊन काकांना सांगितलं की त्या आपणहूनच घसरल्या. ते माझं पहिलं खोटं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सौम्याला आधीच सांगितलं होतं: समोरचं दिसतं, बाजूचं गेलं आहे, गाडी बंद करा. काका ऐकेनात. “रस्ता समोरच असतो की,” म्हणायचे. सौम्या माझ्याकडे आली, “अण्णा, तुम्हीच काहीतरी करा. चावी लपवली तर अप्पा तारा जोडून गाडी सुरू करतात.” सौम्या, तू मान खाली घालू नकोस. तू चावीबद्दल बोललीस. पुढचं माझ्या डोक्यातलं.

दुकानात एक बिस्किटांचा डबा आहे. आजवर निकामी झालेले रोटर काकांनी त्यात शिकवण्यासाठी जपून ठेवले आहेत. त्यातला केसाएवढा तडा गेलेला एक मी उचलला, हेराल्डमध्ये बसवला आणि चांगला काढून घेतला.

मला वाटलं होतं, आठ दिवस खटपट करतील आणि कंटाळतील. चौदा वर्षं जवळ बसून मी त्यांना एवढंच ओळखलं होतं. पाच महिने, दर रविवारी, त्यांनी बॉनेट उघडलं. ठिणगी जिथे तयार होते त्या कॉइलपाशी ती उत्तम, सिलिंडरच्या तोंडाशी, प्लगपाशी, काही नाही. पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. टोपी बदलली, तारा बदलल्या. इथे जे जाणकार बसले आहेत, शेषगिरी साहेब, तुम्हीच सांगा, एवढं केल्यावर काय उरतं? रोटर. सगळ्या वाटा तिथेच जात होत्या. आणि त्यांनी मला विचारलं. “तंबी, रोटर पाहिलास का?”

मी म्हणालो, “पाहिला.”

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं नाही. नियमच होता ना. आता मला सांगा, माझ्यावर संशय घेणं किती सोपं होतं? हात लांब करून तो तुकडा काढायचा आणि नखाने चाचपायचा. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी स्वतःच्या कानावर संशय घेतला, स्वतःच्या बोटांवर घेतला, वयावर घेतला. तीन आठवड्यांपूर्वी बॉनेट खाली टाकलं आणि काकूंना म्हणाले, “जो आपली गाडी सुरू करीना, तो लोकांच्या गाडीला हात कसा लावील?” मी तिथेच उभा होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. पातींचा जुडगा मला दिला. म्हणाले, आता हे तुझ्या हाताला शोभेल.

तेव्हापासून मला झोप नाही आणि एका जागी बसवत नाही. कारखान्यात ‘ठीक’ची सही करताना हात अडतो. रोज संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत जातो आणि बाहेरूनच परततो. आजही ठरवलं होतं की हार घालावा, कॉफीचा परिच्छेद वाचावा आणि उतरावं. पण लोकांसमोर त्यांच्या हाताला हरलेला म्हटलं गेलं, तर ते लोकांसमोरच पुसलं पाहिजे.

काका, हा तुमचा रोटर. पाच महिने माझ्या कपाटात होता, आज खिशात आहे. तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो. तुमचा हात हरलेला नाही. तुमचा कान जागेवर आहे. तुमचं चुकलं ते एकच, तुम्ही माझा शब्द धरला.

आणि एक गोष्ट, जी पोंगलनंतर त्याच रविवारी तुमच्या तोंडावर बोलायला हवी होती. गाडी तुम्ही चालवू नका. त्या बाई घसरल्या नव्हत्या, तुम्हाला दिसल्या नव्हत्या. तुम्ही रागवाल म्हणून मी भ्यालो आणि तुमच्यामागे हे केलं. चालवायला सौम्या आहे. तुम्ही शेजारी बसून कान द्या. दुकानाची चावी उद्या सकाळी जागेच्या मालकाला परत जायची आहे, ती अजून काकूंच्या पर्समध्ये आहे, मला माहीत आहे. बाकी तुम्ही ठरवा. हा पातींचा जुडगाही इथेच ठेवतो, तो घ्यायचा मला हक्क नाही.

अध्यक्षमहाराज, तुम्ही घंटी बाजूला ठेवलीत, आभारी आहे. पाहुण्यांचे आभार, आयोजक मंडळाचे आभार, आणि सत्काराला येऊन हे ऐकावं लागलं त्या तुम्हा सगळ्यांचेही. बोलताना रीत सुटली, वेळ ओलांडला, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते आपण मोठ्या मनाने पोटात घाला. दुसरी जी माफी आहे ती मी व्यासपीठावरून मागत नाही. ती टाळ्यांत मिळण्यासारखी नाही.

थांबा. काका काहीतरी म्हणताहेत. रोटर त्यांनी हातात घेतला आहे, नखाने चाचपताहेत. जरा माईक तिकडे… नको, मला ऐकू आलं. ते विचारताहेत, “गाडीतलं बाकीचं पाहिलास का?”

नाही, काका. काहीच पाहिलेलं नाही.