बंदुकीचं मशीन

(धुळ्यातल्या देवपुरात लीलाधरचं व्हिडिओ गेमचं दुकान, मागच्या खोल्यांत घर. दुपार. जत्रांतून फुगे-बंदुकीचा स्टॉल लावणारा तोताराम जळगावहून, पडद्यावरच्या दुश्मनांना बंदुकीनं मारायच्या खेळाचं मशीन विकत घेण्याआधी बघायला आला आहे.)

तोताराम : नही भाऊ, ही बंदूक वाकडी शे. मी नेम धरला नाकावर, गोळी गेली कानाजवळून.

लीलाधर : पहिल्यांदा हातात घेतली म्हणून. खेळून खेळून जमतं.

तोताराम : मला नका शिकवू! उभा जन्म फुगे फोडायला लावण्यात गेला माझा. आमच्या बंदुकीची माशी, नळीच्या टोकाला नेम धरायची असते ती, मीच ठोकून वाकडी करतो. नाहीतर बठ्ठेच्या बठ्ठे फुगे गिऱ्हाईक फोडून जाईल आणि मी बसेन हवा भरत. तुम्हीपण ठोकली ना? खरं सांगा.

लीलाधर : आईशप्पथ नाही. आणलं तेव्हापासून तशीच आहे. तुमचा धंदा तुमच्यापाशी.

तोताराम : बरं बरं. पण दणका भलताच भारी देते हो. आमच्या छऱ्याच्या बंदुकीला असा दणका नही. आणि शिकवायला काही लागत नही. धर आणि मार. जत्रेत असंच पाहिजे. माणूस पाळण्यातून उतरतो, डोकं गरगरत असतं, त्याला नियम कोण सांगत बसेल?

लीलाधर : तेच म्हणतो मी. घेऊन जा. थकलो बुवा मी. पोरं आता घरीच टीव्हीला जोडून खेळतात. इथं ऐन रंगात लाईट जाते, मग त्यांची कटकट मी ऐकायची. वरून मास्तर लोक येऊन डाफरतात ते वेगळंच. हे गेलं की एसटीडी बूथ टाकतो. लोक काचेच्या खोलीत बोलतील, मी बाहेर बसून राहीन.

सुनंदा : घ्या भाऊ, चहा. सासूबाईंना पेज भरवत होते, म्हणून उशीर झाला.

तोताराम : कशाला त्रास, वहिनी. लीलाधरभाऊ, एक सांगा, दुश्मन दर खेपेला नवे येतात का तेच ते?

लीलाधर : नवे! दर खेपेला नवे.

सुनंदा : कुठले नवे? तेच येतात. पहिला पिंपामागून, मग दोघं गच्चीवर, मग ट्रकमधला. पाठ झालं की डोळे मिटून मारा. पुलावर एक बाई ओरडत पळत येते, तिला तेवढं मारायचं नाही. तिला लागली की आपलाच एक जीव जातो.

लीलाधर : तुला गं काय माहीत?

सुनंदा : दिसतं ना येता-जाता.

तोताराम : आणि ह्या बंदुकीचं काय, वहिनी?

सुनंदा : ती डावीकडे मारते. नाकावर मारायची तर नेम उजवीकडच्या खांद्यावर धरायचा.

तोताराम : खांद्यावर... थांबा हां... पडला! पडला ना भो!

लीलाधर : सुनंदा, पुलापर्यंत तर आपलं एक गिऱ्हाईक पोचत नाही.

सुनंदा : पूल काय घेऊन बसलात, पुढे धरण आहे. धरणावर हेलिकॉप्टर. ते काही केल्या मरत नाही, मारून मारून बोट दुखतं. खोट सांगायची तर ती मोठी खोट आहे, भाऊ. आणि एवढं करून ते पडलं, तर पुढे काहीच नाही. परत तो पिंपामागचा उभाच! रोजची भांडी जशी.

लीलाधर : तू खेळतेस? कधी?

सुनंदा : तुम्ही दुकान बंद करून जेवून झोपता तेव्हा. चावी तुमच्या सदऱ्याच्या खिशातून घेते. आवाज अगदी बारीक करते.

लीलाधर : आणि मला बोलली नाहीस.

सुनंदा : काय बोलू? बाईमाणूस बंदूक घेऊन उभी राहते म्हणून? अहो, आईंची कूस बदला, धुवा, पुसा, भरवा, की परत कूस बदला. त्यांचा राग नाही मला, लेकरासारख्या झाल्यात त्या. पण दिवसभर 'सुनंदे, सुनंदे'! जीव विटतो हो माझा. त्या झोपल्या की तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. समोर माणूस येतो, मी मारते, तो पडतो. तेवढं तरी काम संपल्यासारखं वाटतं.

तोताराम : भाऊ, मी निघतो. मशीन न्यायला टेम्पो उद्या नही आणत. तुमचं घरात काय ते ठरवा.

सुनंदा : नाही, आणा टेम्पो. यांनी शब्द दिलाय. आणि हे खरंच थकलेत, संध्याकाळी पाय सुजतात यांचे. फक्त जत्रेत बायांनाही खेळू द्या.

तोताराम : बाया? बाया तर माझ्या फुग्यांकडे लांबूनच बघतात, वहिनी.

सुनंदा : हातात देऊन तर बघा.

तोताराम : देईन. येऊ मग?

सुनंदा : या, भाऊ. सांभाळून न्या.

लीलाधर : सुनंदा, इकडे बघ. उद्यापासून दुपारी आईजवळ मी बसेन. तिनं हाक मारली तर मी ओ देईन.

सुनंदा : तुम्हाला कूस बदलता येते?

लीलाधर : तू दाखव. शिकेन.

सुनंदा : आणि तेव्हा मी काय करू?

लीलाधर : काही नको करू. नुसती बस.

सुनंदा : नुसतं कसं बसतात, तेच विसरले हो मी.